वीतभर पाणी

पट्टीवर पाणी एक मीटर दहावर होतं. पट्टीकाकूने वहीत एक तीस लिहिलं, पुढे वेळ टाकली, दहा पंचेचाळीस, आणि वही प्लास्टिकच्या पिशवीत सरकवली.

चुकून झालेलं नव्हतं ते. गेली एकोणीस वर्षं ती पुलाच्या खांबावरच्या पट्टीवरून ओढ्याचं पाणी वाचत होती आणि वाचलेल्या आकड्यात वीस सेंटीमीटर, म्हणजे तिच्या हाताची एक वीत, मिळवून लिहीत होती. सकाळी सात, दुपारी एक, संध्याकाळी पाच, आणि पाणी चढायला लागलं की दर पंधरा मिनिटांनी. ही गोष्ट जगात एकाच माणसाला ठाऊक होती आणि ते माणूस ती स्वतः होती.

फोन वाजला. नणंदेचा होता.

"वहिनी, पुढच्या पागोळ्या धरल्यात बघ."

"कधीपासून, वन्सं?"

"नऊला झाडीवर काळं झालं. तिकडे नुसतं ओततंय. आता सरकत सरकत दगडावर आलंय, हे आत्ताच, पाच मिनिटं झाली असतील. मागच्या पागोळ्या ठणठणीत कोरड्या. तिकडच्यांना एक थेंब नाही, सगळं तुझ्या पदरात."

वन्संचं घर वर डोंगराच्या कडेवर होतं. अगदी कडेवर. छपराची पुढची उतरण या ओढ्याकडे आणि मागची उतरण पलीकडच्या नदीकडे. ऑफिसच्या नकाशात त्या कडेला जलविभाजक रेषा म्हणतात आणि ती लाल तुटक तुटक काढलेली असते. वन्सं म्हणायच्या, "ती रेषा आमच्या माळ्यावरून जाते, उंदरांना सगळी माहिती आहे." पुढच्या पागोळ्या गळायला लागल्या की त्या भावजयीला फोन करायच्या. मागच्या गळल्या तर करायच्या नाहीत. ते पाणी कुणा दुसरीचं.

पट्टीकाकूने मनात हिशोब मांडायला घेतला.

ओढा काही मोठा नव्हता. अख्खा पाणलोट एका दिवसात चालून व्हायचा. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात जुन्या साहेबांनी तिला सांगितलं होतं, "बाई, नुसती पट्टी वाचू नका. पाणी कुठून येतं ते एकदा पायांनी बघून या." मग ती आणि वन्सं, दोघी सकाळी निघून कडेकडेने फिरून तिन्हीसांजेला परतल्या होत्या. तेव्हापासून तो पाणलोट तिला आपला तळहात वाटायचा. तळहात आणि त्याला दोनच बोटं. एक बोट थोरला, दुसरं धाकटा.

थोरला फाटा उघड्याबोडक्या दगडी डोंगरातून यायचा. तिथे पाणी पडलं की थांबायला जागाच नाही. दीड तासात पुलाखाली हजर, तांबडंलाल, खडे वाजवत. धाकटा झाडीतून यायचा. तिथली जमीन भुसभुशीत, पालापाचोळ्याची गादी. ती आधी आपलं पोट भरून घ्यायची आणि मग सावकाश सोडायची. धाकट्याला तीन तास लागायचे आणि पाणी यायचं काळपट, कोऱ्या चहाच्या रंगाचं. दोन्ही फाटे पुलाच्या जरा वर एकमेकांना मिळायचे. एरवी पाऊस सगळीकडे सारखाच आला, की थोरला येऊन दंगा करून निघून जायचा आणि मग धाकटा यायचा. एक घरातून बाहेर पडला की दुसरा आत. म्हणून ओढा सहसा हद्दीत राहायचा.

आज पाऊस धाकट्यावर नऊला पडला होता. नऊ आणि तीन बारा. थोरल्यावर पावणेअकराला. त्यात दीड तास, सव्वाबारा.

दोघे एकाच वेळी दारात येणार होते.

असं तिच्या काळात एकदाच झालं होतं, सहा वर्षांपूर्वी. तेव्हा ओढ्याने वळणापलीकडच्या खालच्या गल्लीत घुसून सात घरं आणि शिलाईचा कारखाना छातीपर्यंत भरला होता. सुट्टीचा दिवस होता म्हणून माणसं वाचली. त्यानंतर गल्लीच्या तोंडाशी खांबावर भोंगा बसवला. त्याचं बटण ऑफिसात. पाणी ठरलेल्या आकड्याला पोचलं की भोंगा, आणि भोंगा झाला की गल्ली रिकामी. दोनदा सराव झाला होता. गल्ली रिकामी व्हायला अठरा मिनिटं लागली होती. पाणी आत यायच्या आधी वीस मिनिटं हातात राहतील असा भोंग्याचा आकडा धरलेला.

आज सुट्टी नव्हती. कारखान्यात चाळीस बायका मशीनवर होत्या, त्यातली एक तिची सून. आणि मागच्या खोलीत पाळणाघर. तिथे नऊ पोरं, त्यातली एक तिची नात. तेरा महिन्यांची. उभी राहायची, पण धरून.

तिने साहेबांना फोन लावला.

साहेब नवा होता, बत्तीस-तेहतिशीचा, बोलायला गोड. त्यानेच महिन्यापूर्वी पट्टीशेजारी एक यंत्र बसवलं होतं. राखाडी रंगाची पेटी, वर काच, आत काय ते देव जाणे. दर पाच मिनिटांनी पट्टीवरचा आकडा आपोआप ऑफिसात जायचा. सगळे त्या पेटीला डबा म्हणत. डबा आला म्हणून पट्टीकाकूला एकतीस तारखेनंतर येऊ नका असं सांगून झालं होतं. आज अठ्ठावीस.

"बोला काकू."

"साहेब, आज दोन्ही फाटे बरोबर येणार. बाराच्या पुढेमागे. आधी झाडीवर पडलंय, आता दगडावर."

"कुणी सांगितलं?"

"माझ्या नणंदेने."

साहेब हसला नाही, पण आवाज हसल्यासारखाच होता. "काकू, माझ्यासमोर पावसाचा नकाशा आहे. फार नाहीये. आणि भोंगा आकड्यावर वाजतो, नणंदेवर नाही. डबा बघतोय ना, तुम्ही आडोशाला थांबा. भिजू नका."

फोन ठेवला तेव्हा नवरा पुलावर आला होता. एका हातात छत्री, दुसऱ्यात चहाचा थर्मास, आणि दुखऱ्या गुडघ्यामुळे चाल तिरकी. तो मिस्त्री. आता काम सुटलं होतं, पण हा पूल त्याने आणि त्याच्या माणसांनी बांधलेला. कुठेही निघाला तरी कठड्यावर दोन थापा मारल्याशिवाय पुढे जायचा नाही, जसं काही बैलाच्या पाठीवर.

"काय म्हणतो डबेवाला?"

"आडोशाला थांबा म्हणतो."

"मग थांब की. तुझ्यात आणि डब्यात एवढाच फरक, डबा चहा मागत नाही." त्याने झाकणात चहा ओतून तिच्यापुढे धरला. "तोंड का उतरलंय?"

"दोघे बरोबर येतायत."

नवऱ्याने चहा ओढ्यात फेकला आणि थर्मास बंद केला. त्याला हिशोब समजावून सांगावा लागत नव्हता.

तिने कारखान्याच्या सुपरवायझरला फोन लावला. बायकांचे फोन कामाच्या वेळी कपाटात बंद असायचे, त्यामुळे सुनेशी बोलायचं तर याच्यामार्फतच.

"काकू, भोंगा वाजलाय का?"

"वाजलेला नाही. पण वाजेल. निदान पाळणाघर तरी वर न्या."

"गेल्या वर्षी तुमच्याच शब्दावर मी मशीन बंद केली होती. आठवतंय? चाळीस बायका वरच्या रस्त्यावर दोन तास उभ्या, आणि ओढ्यात बेडूक न्हाईल एवढंही पाणी नाही. मालकांनी माझी काय पूजा बांधली ते माझं मला माहीत. आता लेखी आहे. भोंग्याशिवाय मशीन बंद करायचं नाही."

"अहो, लहान पोरं आहेत—"

"लेखी आहे, काकू." फोन बंद.

साडेअकराला पट्टीवर एक पस्तीस. तिने एक पंचावन्न लिहिलं. हात सवयीने चालत होता.

ही सवय लागली तो दिवस तिला लख्ख आठवत होता. तेव्हा जुना पूल पाडून हा नवा झाला होता. जुन्या पुलाच्या खांबावरची पट्टी काढून नव्या खांबावर लावायची होती आणि ते काम तिच्या नवऱ्याकडेच आलं. संध्याकाळी घरी येऊन तो म्हणाला, "लावली तुझी पट्टी. जागच्या जागी, एक सूत इकडे तिकडे नाही." दुसऱ्या दिवशी सकाळी ती वाचायला गेली. पट्टीवर चाळीस. आणि आदल्या दिवशी जुन्या पट्टीवर साठ होतं. एका रात्रीत पाणी वीतभर उतरलं? पाऊस नाही, ऊन नाही, काही नाही.

तिने कासवाकडे पाहिलं. कासव म्हणजे पात्राच्या मधोमध बसलेला एक दगड, मान बाहेर काढल्यासारखा. पाणी त्याच्या मानेला टेकलं की साठ, हे तिचं कायमचं ठरलेलं. पाणी मानेलाच टेकलेलं होतं. कासव हललं नव्हतं, पाणी हललं नव्हतं. पट्टी वीतभर वर बसली होती.

तिला तेव्हाच ऑफिसात जाऊन सांगता आलं असतं. पण नवऱ्याचं ते पहिलंच सरकारी काम. त्याआधी वर्षभर हाताला काम नव्हतं, आणि पुढच्या रस्त्याखालची मोरी त्याला मिळणार की नाही ते याच कामावरून ठरणार होतं. बायकोनेच जाऊन सांगायचं, की माझ्या नवऱ्याने पट्टी चुकीची ठोकली? तिने वहीत साठ लिहिलं. कासवाला विचारून लिहिलं, तेव्हा खोटं कुठे? मग दुसऱ्या दिवशी तेच. मग रोज. नवऱ्याला मोरी मिळाली, त्यानंतर आणखी दोन पूल मिळाले, आणि वीतभर आकडा तिच्या पेनातच राहायला आला.

पावणेबाराला पाण्याचा वास बदलला. कुजक्या पानांचा, ओल्या खोडांचा. धाकटा. एरवी त्याच्या आधी थोरला येऊन गेलेला असायचा. आज पात्राच्या डाव्या अंगाने काळपट पाणी पुढे आलं, वर पाचोळ्याचा तवंग, आणि दहाच मिनिटांत उजव्या अंगाने तांबडं. पुलाखाली दोन्ही पाणी शेजारीशेजारी वाहायला लागलं, मधे रेघ मारल्यासारखं. वाकून बघणाऱ्या नवऱ्याने कठडा घट्ट धरला.

"अगं, हे तर..."

"बघतेय मी."

बाराला एक पंच्याऐंशी. बारा दहाला दोन दहा. कासव कधीच बुडालं होतं. दहा मिनिटांत वीतभराहून जास्त. खांबावर पाणी आपटून वर उसळत होतं आणि आता बोलायचं तर ओरडावं लागत होतं. तिने फोन कानाला घट्ट दाबला.

"साहेब, दोन तीस झालं!"

"काकू, दोन दहा. डबा दोन दहा सांगतोय."

"माझ्याकडे दोन तीस आहे!"

"हेच मी तुम्हाला महिनाभर सांगायचं म्हणत होतो. राग मानू नका, पण तुमचा आकडा रोज वीस जास्त असतो. वयाने होतं असं. कोनातून बघितलं की फसतं. माझ्या आईचं पण तसंच..."

"भोंगा कितीवर आहे, साहेब?"

"दोन साठ. डब्याचे दोन दहा, त्यात वीस मिळवले की दोन तीस. अजून तीस बाकी आहेत. मी बसलोय ना समोर."

तिला नीट ऐकू आलं होतं. तरी तिने विचारलं, "वीस कसले मिळवले?"

"पट्टीचे. ती वीस सेंटीमीटर वर बसलेली आहे ना. फाइलमध्ये नोंद आहे, पूल झाला तेव्हापासूनची. पट्टीवरून जे येईल त्यात ऑफिस वीस मिळवतं."

पट्टीकाकूच्या हातातली वही खाली गेली. नवऱ्याने ती वरच्यावर झेलली.

ऑफिसला माहीत होतं. पहिल्यापासून माहीत होतं. ती इथे वीस मिळवत होती आणि ऑफिस तिथे तिच्या आकड्यात पुन्हा वीस. सहा वर्षांपूर्वीच्या पुरात गल्लीत पाणी शिरलं तेव्हाचा आकडा तिच्याच वहीतला. त्यात तिची वीत, वर ऑफिसची वीत. भोंग्याचा दोन साठ त्यावरूनच ठरलेला. म्हणजे भोंगा दोन विती धरून बसला होता. इतके दिवस आकडा तिच्या तोंडून जायचा, तिच्या वितीसकट, म्हणून सगळं जमून जायचं. आता आकडा डबा देत होता. डबा पट्टीवर आहे तेच सांगत होता. डब्याला कुणाच्या नवऱ्याची अब्रू झाकायची नव्हती.

आज भोंगा एक वीत उशिरा वाजणार. या पाण्यात एक वीत म्हणजे दहा मिनिटं. विसातली दहा गेली की गल्लीला उरणार दहा, आणि गल्ली रिकामी व्हायला अठरा लागतात.

डबा बिघडलाय असं म्हणावं का, हे तिच्या मनात येऊन गेलं. ओठावर आलंच होतं. पण साहेब तपासणार, कुणाला तरी पाठवणार, पंधरा-वीस मिनिटं त्यातच जाणार. नवरा शेजारी उभा होता, तिच्या डोक्यावर छत्री धरून, स्वतः भिजत. त्याचा दुसरा हात कठड्यावर होता.

तिने त्याच्याकडे पाठ केली.

"साहेब, ऐका. मधे बोलू नका. माझे डोळे चांगले आहेत. पट्टीवर दोन दहाच आहे. मी वीस मिळवून सांगतेय. पहिल्या दिवसापासून मिळवतेय. पट्टी वर बसलीये ते मला ठाऊक होतं आणि तुम्हीही मिळवता ते ठाऊक नव्हतं. वहीतला प्रत्येक आकडा वीस जास्तीचा आहे. एकोणीस वर्षांचा. त्या पुराचासुद्धा. तुमचा भोंगा माझ्या वहीवरून ठरलाय. त्याला चाळीस मिळवून लागतात आणि तुम्ही वीसच मिळवताय. आत्ता भोंग्याच्या हिशोबाने दोन पन्नास झालंय. दोन तीस नाही. दोन पन्नास!"

"काकू, तुम्ही काय बोलताय ते कळतंय का तुम्हाला? एकोणीस वर्षांची नोंद खोटी आहे असं सांगताय."

"हो."

"मी नुसत्या तुमच्या शब्दावर भोंगा नाही वाजवू शकत. गेल्या वर्षी..."

"शब्दावर नको. तुमच्यासमोर महिन्याचे आकडे आहेत. माझे आणि डब्याचे. शेजारी ठेवून बघा. म्हातारीचे डोळे चुकले तर कधी पंधराने चुकतील, कधी पंचवीसने. तुम्हीच म्हणालात ना, रोज वीस? बघा, एखाद्या दिवशी एकोणीस सापडतात का. एकवीस सापडतात का बघा. सापडले तर वाजवू नका!"

तिला कळफलकाची टकटक ऐकू आली. पट्टीवर दोन पंधरा. दोन सतरा. थोरल्याने एक अख्खं झाड आणून खांबावर घातलं आणि पुलाला हिसका बसला. नवरा काहीतरी म्हणाला, तिने ऐकलं नाही.

"वीस," साहेब म्हणाला. आवाज बदललेला. "सगळे वीस. एक पण... काकू, फोन ठेवा."

पट्टी दोन वीसला टेकली आणि वळणापलीकडून भोंगा सुरू झाला. आधी घसा खाकरल्यासारखा, मग एकसलग.

पट्टीकाकू तिथेच खाली बसली. पुलावरून गल्ली दिसत नाही, पण गल्लीतून वर येणारा चढ दिसतो. ती त्या चढाकडे बघत राहिली. एक मिनिट. तीन मिनिटं. कोणी नाही. पाचव्या मिनिटाला एक बाई दिसली, दोन्ही काखांत एकेक पोर. मग आणखी. मग घोळकाच. ती मोजायला गेली, पण पावसात सगळ्या सारख्याच दिसत होत्या. सुपरवायझर आला तो गळ्यात मापाचा पट्टा, पाठीवर कुणाची तरी म्हातारी आणि हातात पोर, आणि चालता चालता मागे वळून ओरडत होता, "मशीन राहू दे! मशीन राहू दे म्हणतो ना, लेखी देतो!"

बारा तेहतीसला वहीच्या पिशवीतला फोन वाजला.

"आई." सुपरवायझरच्या फोनवरून सून बोलत होती, धापा टाकत. "वर आलो. सगळ्या. नऊच्या नऊ पोरं. ही माझ्या खांद्यावर झोपलीये बघा, एवढ्या गोंधळात. आई, पाणी पायरीला लागलंय. आम्ही शेवटच्या निघालो तेव्हा पायरीला..."

"नीट उभी राहा," पट्टीकाकू म्हणाली. "कठड्याजवळ जाऊ नको."

एवढंच तिला सुचलं.

पाणी चढत चढत पट्टीवर दोन पंच्याण्णवपर्यंत गेलं. कारखान्याच्या खिडक्यांतून कापडाचे तागे बाहेर तरंगत आले, लाल, पिवळे, उलगडत उलगडत. मग थोरला दमला. तांबडा रंग फिका झाला आणि धाकट्याचं काळपट पाणी सगळ्या पात्रात पसरलं. तीनपर्यंत पाऊस थांबला होता.

नवऱ्याने छत्री मिटलीच नव्हती. तो कठड्याला टेकून उभा होता, वही छातीशी धरून.

"किती वर्षं म्हणालीस? एकोणीस?"

तिने मान हलवली. तिला त्याच्याकडे बघवत नव्हतं. "तुम्ही आनंदाने सांगितलं होतंत. एक सूत इकडे तिकडे नाही म्हणून."

"खांबात सळई आडवी आली होती. बोल्ट जाईना. मुकादम घाई करत होता, म्हणून वीतभर वर ठोकली. घरी येताना वाटभर जीव खात होता. तिसऱ्या दिवशी जुन्या साहेबाकडे जाऊन सांगून टाकलं. काम गेलं तर गेलं म्हटलं. साहेब म्हणाला, बरं झालं सांगितलंस, आम्ही वीस मिळवून घेऊ. मोरी त्यानेच दिली मग. म्हणाला, चूक सांगणारा मिस्त्री कुठे भेटतो."

पट्टीकाकूने पहिल्यांदा वर पाहिलं. "तुम्ही सांगितलं होतंत?"

"हो."

"आणि मला नाही?"

तो कठड्यावरचा ओला पाला बोटाने सारत राहिला. "तुला काय सांगायचं? तू रोज तीनदा त्या पट्टीकडे बघणार. प्रत्येक वेळी तुला माझी चूक दिसली असती."

"दिसतच होती."

"ते आज कळलं."

तिला हसू यायला हवं होतं की रडू, ठरेना. तिने त्याच्या हातातली वही ओढून घेतली. "आणि मी वेडी. वीस, वीस, वीस. पोरं बुडाली असती तुमच्या त्या वीसपायी."

"तुझ्या वीसपायी," तो म्हणाला. मग छत्री मिटून, "आपल्या."

चारला साहेबांचा फोन आला. तो गल्लीत पोचला होता, मागे पंपांचा आवाज होता. नेहमीचा गोडवा नव्हता आणि रागही नव्हता. दमला होता.

"काकू, सगळ्या जुन्या वह्या लागतील. एकोणीस वर्षांच्या. खालच्या पुलाची उंची, कालव्याचं तोंड, सगळं तुमच्या आकड्यांवर काढलंय. सगळं पुन्हा तपासावं लागेल."

"पेटीत आहेत. एकही हरवलेली नाही."

"आणि लेखी द्यावं लागेल. आज फोनवर सांगितलंत ते. वरचे लोक काय करतील, मला सांगता येत नाही. मी माझ्याकडून भोंग्याचं लिहीन, पण दुसरंही लिहावं लागेल."

"लिहा. दोन्ही लिहा."

"तुमच्या नणंदेचा नंबर देता का?"

"कशाला?"

"असाच. लागेल."

तिने नंबर सांगितला आणि वर बजावलं, "त्यांना पागोळ्या विचारा. पाऊस किती मिलीमीटर ते विचाराल तर शिव्या खाल."

पाचला ती पुन्हा पुलावर उभी राहिली. एकतीस तारीख यायची होती आणि तोपर्यंत पाचचा आकडा तिचा होता. नवरा शेजारी आला, कठड्यावर थाप मारायला हात उचलला आणि तसाच खिशात घातला. खांबावर झाड अजून अडकलेलं होतं. पट्टीवर चिखलाचा लेप होता. तिने लांब काठीला फडकं बांधून तो पुसला, खाली वाकली, डोळे बारीक केले.

एक सत्तर.

पेन वहीवर टेकलं आणि हाताने आपोआप एक नव्वद लिहिलं. ती त्याकडे बघत राहिली. एकोणीस वर्षांत तिच्या वहीत एक खाडाखोड नव्हती. जुने साहेब इतरांना दाखवायला तिची वही मागून न्यायचे.

तिने त्यावर एक आडवी रेघ मारली, खालचा आकडा वाचता येईल अशी. बाजूला एक सत्तर लिहिलं, वेळ टाकली, आणि शाई वाळेपर्यंत वही उघडीच धरून ठेवली.